वेदूची स्लीप स्टडी आणि आम्ही दोघी आया

किस्से काही कुणी ठरवून गोळा करत नाही. घरात पोरगं एक आणि त्याच्या आया दोन असल्या की ते आपोआप साचतात आणि चार मैत्रिणी चहाला बसल्या की भडाभडा बाहेर पडतात. आमच्या भडगावच्या घरात वेदूची आई मी. माझी थोरली जाऊ ललिताताई, त्या त्याची 'मोठी आई'. बघा, पदवीतच अन्याय! मी रोज पाचोऱ्याला नोकरीला जाते, ताई घरी असतात. त्यांची मुलगी शिकायला शिरपूरला हॉस्टेलवर गेल्यापासून आमचे हे सात वर्षांचे साहेब रात्री उशी उचलतात आणि सरळ ताईंच्या खोलीत जातात. मला हेवा वाटतो का? वाटतो ना! चांगला कडकडून वाटतो.

*

वेदू घोरायचा, तोंड उघडं टाकून झोपायचा आणि वर्गात पेंगायचा. म्हणून जळगावला डॉक्टरांकडे नेलं. मी खास रजा टाकली होती. ताई आपल्या सोबत म्हणून आल्या होत्या.

डॉक्टरांनी मला विचारलं, "झोपेत श्वास अडकतो का?"

"थोडासा... म्हणजे तसा नसावा," मी म्हटलं.

मागून ताई म्हणाल्या, "अडकतो ना! घोरता घोरता एकदम गप्प होतो, मग दचकून श्वास घेतो. मी हळूच कुशीवर वळवते."

डॉक्टरांनी खुर्चीच तिकडे फिरवली. "हं, आई, तुम्ही सांगा!"

रजा माझी, गाडीभाडं माझं, आणि आई त्या! नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू.

*

नाकामागची गाठ वाढली होती. ती काढायची की नाही, ते स्लीप स्टडीवर ठरणार होतं. म्हणजे पोराच्या अंगाला वायरी लावून त्याला एक रात्र दवाखान्यात झोपवायचं आणि मशीन सगळं टिपणार. अट एकच, पोरगं झोपलं पाहिजे. नाही झोपलं तर सगळं मुसळ केरात, पुन्हा पहिल्यापासून. आणि सोबत मोठं माणूस फक्त एक!

घरी येऊन हे सांगितलं तर सासरे, म्हणजे आबा, लगेच म्हणाले, "पोऱ्या जिनाजोडे झोपस, तिनीच जावाले जोयजे."

मी म्हटलं, "जिच्याजवळ झोपतो तिनेच जायचं? आबा, मी आई आहे त्याची!"

"मंग ती मोठी आई शे," आबा म्हणाले आणि पान लावायला घेतलं.

मी मात्र हट्टाला पेटले. माझं पोरगं एक रात्र माझ्याजवळ झोपू शकत नाही? मग नऊ महिने काय भाड्याने राहिला होता? मी जाणार म्हणजे मीच जाणार! आणि जाता जाता सुनावलंच, "हे घोरणं तुमच्याकडचं. आमच्या माहेरी कुणाच्या नाकातून आवाज म्हणून निघत नाही."

आमच्या ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. उलटा होता.

*

मुलाला वायरींची सवय करा, असं दवाखान्यातून सांगितलं होतं. मी जळगावहून महागातली चिकटपट्टी आणली. ती बघून वेदू जो पळाला, तो गोठ्यात जाऊन लपला.

ताईंनी काय केलं? स्वतःच्या कपाळावर, कानशिलांवर, हनुवटीवर टिकल्या लावल्या, त्यांत परकराच्या नाड्या अडकवल्या आणि निवांत लसूण सोलत बसल्या. झालं! "मला पण, मला पण!" करत साहेब हजर. मग त्याने बठ्ठ्या घरालाच, एकूण एक माणसाला टिकल्या लावल्या. आबांना तर मिशीच्या दोन्ही बाजूंना.

तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन दारात. "आबा, हे काय हो?"

"स्लीप स्टडी शे," आबा म्हणाले. "बस, तुले बी लावतस."

चेअरमन बसले! चहा संपेपर्यंत टिकल्या लावून बसले होते बिचारे. माझी चिकटपट्टी आता पाण्याच्या मोटारीच्या पाइपाला गुंडाळली आहे.

*

मी म्हटलं, टिकल्या झाल्या, आता माझ्याजवळ झोपायची सवय करू. कहाण्या सांगितल्या, पाठ खाजवली, मोबाइलसुद्धा देते म्हटलं. पोरगं शेजारी आडवं झालं की मला कसं राजाचं राज्य मिळाल्यासारखं वाटायचं. सकाळी बघते तर शेजारी नुसती उशी, नाहीतर तीही नाही!

"का रे गेलास?"

"उकडत होतं."

ऐन जानेवारीत! पण तक्रार तरी कशी करू? आमचे हेही कित्येक वर्षं उकडतं म्हणून ओसरीवर झोपतात. बाप तसा बेटा!

ताईंना मी एकदा चिडून बोललेही, "तुम्ही त्याला लळा लावून ठेवलाय, म्हणून तो माझ्याजवळ टिकत नाही." ताई भाकरी थापत राहिल्या. त्यांचा तो थपथप आवाज मला जास्तच लागला.

*

जायच्या दिवशी डोक्याला तेल नको, म्हणून मीच त्याला न्हाऊ घातलं. जोर लावून, दोनदा शाम्पू करून! पोरगं म्हणतं, "मोठी आई डोकं धुते. तू घासणीने कढई घासल्यासारखं करतेस."

चहा द्यायचा नव्हता, दुपारी झोपू द्यायचं नव्हतं, तेही सगळं मीच पाळलं. निघताना ताईंनी पिशवीत त्याची गोधडी ठेवली. ठीक आहे. मग घरच्या शेतातल्या कापसाचे दोन बोळे करून त्याच्या खिशात घातले. "तिथं एसी असतो. झोपताना कानात घाल हं, वारं लागतं."

मनात म्हटलं, घाला, कापूस पण तुमचाच घाला! कानापर्यंत तरी मला पोचू द्या!

*

आणि सांगते काय, वेदू झोपला! माझ्या शेजारी, डोक्यापासून पायापर्यंत वायरी लावून, गाढ झोपला. सकाळी टेक्निशियन ताई वायरी काढायला आली तेव्हा कुठे त्याला जाग आली. "छान झोपला हं मुलगा. रेकॉर्डिंग पूर्ण मिळालं."

मला आभाळ ठेंगणं झालं. कधी एकदा घरी सांगते असं झालं. तिथूनच ताईंना फोन लावला, स्पीकरवर! वेदूच्या तोंडून ऐकू दे ना सगळ्यांना.

पलीकडून ताईंचा आवाज आला, "झोपला का गं तो?"

"झोपला म्हणजे? माझ्याजवळ झोपला!" मी म्हटलं. "उठलासुद्धा नाही!"

टेक्निशियन ताई वायरी गुंडाळत म्हणाली, "मॅडम, एक सांगू? रागावू नका. तुम्हीसुद्धा एकदा तपासून घ्या. मशीनवर मुलाचं घोरणं कोणतं आणि तुमचं कोणतं, ते मला व्हिडिओ बघून वेगळं करावं लागलं. मुलाचं तर बारीक होतं."

मी स्पीकर बंद करायचं बटण शोधू लागले.

वेदूने कानांतून कापसाचे बोळे काढले, खिशात नीट ठेवले आणि फोनकडे तोंड करून ओरडला, "मोठी आई! आईला कळलं!"

पलीकडे ताईंनी भांडी वाजवायला घेतली. ह्यांना खोकला आला.

मग मागून आबांचा आवाज आला, "तिले कोनी सांगं?"