शेवटची दोन पानं

चुकीचा सूर वाजला की मॅडम थांबायच्या आणि पियानोची ती पट्टी रुमालाने पुसायच्या. "शी. घाण केली." मग पुन्हा पहिल्यापासून.

अमरावतीच्या आमच्या शाळेत त्या संगीत शिकवायच्या, मी भूगोल. नांदगाव पेठेच्या रस्त्यावर स्कूटी घसरली आणि त्यांचा उजवा हात कोपरात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा त्यांना खडूसुद्धा धरवत नव्हता. त्याच हाताने त्यांनी पाश्चात्त्य संगीतातली एक भयंकर पळती रचना वाजवायला घेतली. सुरुवात वेगात, मध्ये संथ, आणि शेवटची दोन पानं अशी की ऐकणाऱ्यालाच धाप लागावी.

"ते दोन पानं एकदा लोकायसमोर धड वाजले, की हात परत माहा झाला," त्या म्हणायच्या.

वर्षभर शाळा सुटल्यावर तेच. मला त्या रचनेचा अगदी वीट आला होता. तरी एकदा म्हटलं, "छान जमतंय की आता."

"सर, तुमी कावून खोटं बोलता? मले सोताले उलटी येऊन राहिली."

मग स्नेहसंमेलन आलं. आमच्याकडची स्नेहसंमेलनं तुम्हीही पाहिली असतील. प्रमुख पाहुण्यांना पुढे नेहमी परतवाड्याला दुसरा कार्यक्रम असतो. मॅडमनी पहिला भाग असा वाजवला की मीसुद्धा हातातली कचोरी खाली ठेवली. मग संथ भाग आला, सूर विरत गेले, आणि संपलं असं समजून लोकांनी टाळ्या पिटल्या. पाहुणे तयारच होते. त्यांनी उठून मॅडमच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्या उजव्या हातात नारळ ठेवला. निवेदक म्हणाला, "जिद्दीला सलाम."

"अजून दोन पानं हायेत," मॅडम सांगत होत्या.

"नंतर वाजवा ना, मॅडम," मुख्याध्यापक म्हणाले. तोवर पियानो बाजूला ढकलून समूहनृत्याच्या मुली मंचावर आल्याही होत्या.

मला किळस आली. त्या शालीची, त्या सलामाची, आणि उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्या आम्हा सगळ्यांची.

मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या. "मोडलेल्या हातासाठी टाळ्या होत्या त्या, सर. आयकत कोण होतं?"

त्यानंतर संगीताची खोली शाळा सुटली की बंद होऊ लागली. निवृत्त झाल्यावर मॅडम अकोल्याला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथे पियानो नाही. मागच्या महिन्यात भेटायला गेलो, तेव्हा हात कसा आहे, असं विचारलं.

"एकदम चांगला हाये," त्या बोटं उघडमीट करत म्हणाल्या. "पोया लाटतो."