तेल प्यालेला पियानो

कवठे महांकाळच्या माळावर मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला जोतीराम पियानोवादक झाला. तरणा असताना तो पलटणीत भरती झाला आणि कान चांगला म्हणून बँडात गेला. तिथल्या म्हाताऱ्या गोवेकर बँडमास्तरानं एकदा त्याचे पंजे हातात घेऊन उलटसुलट पाहिले. ही बोटं बिगुलावर वाया जातील, एवढंच तो म्हणाला आणि त्यानं त्याला पियानोसमोर बसवलं.

पुढं जोतीराम साहेबांच्या मेसमध्ये वाजवत राहिला. पुण्या-मुंबईच्या सभागृहांतही वाजवून आला. नोकरी संपली तेव्हा मेसनं मोडीत काढलेला पियानो त्यानं मागून घेतला, नीट केला आणि आधी साताऱ्यात, मग सांगलीत शिकवण्या धरल्या. शिंप्याची अंजना ही त्याची सगळ्यात तयारीची विद्यार्थिनी.

एक गोष्ट मात्र राहून गेली होती. मेसमध्ये त्याचं वाजवणं ताटवाट्यांच्या आवाजात बुडायचं, आणि सभागृहांत ऐकणारे सगळे परके. आपल्या मुलखानं एकदा गप बसून आपल्याला ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. चौऱ्याहत्तर साली सांगलीतल्याच गायनसभेच्या नानासोंनी वाजवायला बोलावलं. दसरा झाला की येणाऱ्या दुसऱ्या रविवारी, सकाळी. गावाकडची माणसंही येणार होती.

खंडेनवमीला धाकटा भाऊ गुंडा गावाहून आला. तो विहिरीवरचं इंजन आणि बैलगाडी सांभाळायचा. त्या दिवशी आपल्याकडं नांगर, कोयता, इंजन सगळं धुऊन-पुसून, तेल देऊन पुजतात. जोतीराम सभागृह बघायला गेला होता. गुंडानं पियानोचं वरचं झाकण उघडलं, पुढची फळी काढली. आत लोखंडी खुंट्यांच्या रांगाच रांगा, प्रत्येकीला तार गुंडाळलेली. कोंबडीचं पीस करडईच्या तेलात बुडवून त्यानं एकूणएक खुंटी मायेनं माखली आणि वर झेंडूची माळ घातली.

"दादा, समद्यांला तेल पाजलं बघ," तो दारातच म्हणाला. "किती सालं उपाशी हुत्या कुणास ठावं. लोखंड उपाशी ठिवू नये."

जोतीरामनं आत वाकून पाहिलं. खुंट्या चकाकत होत्या. तेल त्यांच्या बुडाशी, लाकडात, हळूहळू उतरत होतं. खुंटी लाकडात कोरडी, घट्ट आवळून बसते, त्या आवळण्यावरच सगळा सूर उभा असतो.

"बरं केलंस," तो म्हणाला. गुंडा जेवायला बसला, तेव्हा जोतीराम धोतराच्या फडक्यानं एकेक खुंटी पुसत राहिला.

दसऱ्याला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी खर्जातली एक तार उतरली. किल्लीनं चढवली, तर खुंटी चिखलात रोवलेल्या काठीसारखी सैल फिरली. सकाळी चढवलेलं दुपारी उतरायचं. अंजनानं खडूची पूड करून आणली. दोघांनी ती खुंट्यांच्या बुडाशी भरली. पुडीचा ओला पिवळा लगदा झाला.

"मास्तर, कार्यक्रम पुढं ढकला," ती म्हणाली.

"लाकूड आता तेल सोडणार न्हाई, पोरी. पुढं ढकलून अजून उतरंल."

"मग गुंडातात्यांना सांगा तरी."

"सांगून तेल परत निघतंय व्हय?"

रविवारी पियानो सभागृहात न्यायला गुंडा बैलगाडीत पेंढा अंथरून आला. चाकांना वंगण इतकं नीट दिलं होतं, की सबंध रस्ता ती एकदाही कुरकुरली नाहीत. मागं चालणाऱ्या जोतीरामला फक्त झाकणाखालून तारांची बारीक कुणकुण ऐकू येत होती.

सभागृह भरलं. माणसं खरंच गप बसली. पहिली चीज तरली. दुसरीत खर्ज खाली सरकला, मग मधला भाग. जोतीराम जिथं सूर शिल्लक होता तिथं बोटं नेत राहिला, आणि ती जागा प्रत्येक ओळीला आक्रसत गेली. शेवटी दोनचार पट्ट्यांवरच त्याचे हात फिरत होते. अंजनानं मान खाली घातली. पुढच्या रांगेतला म्हातारा शेजाऱ्याला समजावत होता, "गप ऐक. साहेबांचं वाजाप असंच आसतंय."

टाळ्या भरपूर पडल्या. नानासो म्हणाले, "आवं मास्तर, पुढल्या साली परत." जोतीरामनं पियानोचं झाकण मिटलं आणि नाही म्हणून मान हलवली.

"लय ग्वाड," गुंडा रस्ताभर सांगत होता. "तेल लागू पडलं बघ, दादा."

त्यानंतर जोतीराम कुठं वाजवायला गेला नाही. शिकवण्या एकेक करून सुटल्या. अंजनाला त्यानं मिरजेच्या एका बाईंकडं धाडलं.

पुढल्या खंडेनवमीला गुंडा वाटी आणि पीस घेऊन दारात उभा राहिला. जोतीराम उठला आणि स्वतःच्या हातानं त्यानं पियानोचं झाकण उघडून दिलं.