ह्यांच्या जागी मास्तर

आमच्या ह्यांचं काम म्हणजे लोकांचे कार्यक्रम उभे करणं. गाणाऱ्यांनी गायचं, पाहुण्यांनी भाषणं ठोकायची, लोकांनी टाळ्या वाजवायच्या आणि ह्यांनी स्टेजच्या मागे घाम पुसत उभं राहायचं. त्यातही सगळ्यात मोठा घोर उन्हाळ्याचा. शहरातल्या मोठ्या बागेत दर उन्हाळ्यात एक संध्याकाळचा मेळा भरतो. गाणी, मुलांचे खेळ, अंधार पडला की उघड्यावर सिनेमा. तो ह्यांच्या कंपनीकडे असतो. लोक म्हणतात, काय सुंदर गेली हो संध्याकाळ! जाणारच. त्या एका संध्याकाळपायी आमच्या घराचा सगळा उन्हाळा पाण्यात जातो, ते कोण बघतंय?

मेळा जवळ आला की आमचं जेवणाचं टेबल माझं राहत नाही. वाट्या म्हणजे पाण्याचे स्टॉल, चमचे म्हणजे रांगा, आणि मिठाची बरणी म्हणजे ॲम्ब्युलन्स. मी वाढायला गेले की हे ओरडणार, "अगं, ॲम्ब्युलन्स हलवू नकोस!" एकदा मी वैतागून ॲम्ब्युलन्स उचलली आणि भाजीत रिकामी केली. त्या दिवशी दोघांनीही निमूट खारट खाल्लं.

पण माणूस कामाला वाघ, हे मी कधी नाकारलं नाही. भर दुपारी बागेत जाऊन प्रत्येक कोपऱ्यात बसून येणार. मावळतीचं ऊन प्रेक्षकांच्या डोळ्यांत जातं म्हणून यंदा त्यांनी अख्खं स्टेज फिरवायला लावलं. म्हातारे कुठे टेकतील, कडेवरच्या पोराला घेऊन बाई कुठून बाहेर पडेल, सगळं डोक्यात. आणि ह्यांचा एक मंत्र, बदली. जनरेटरला बदली जनरेटर, माइकला बदली माइक, गाणाऱ्या बाईंचा घसा बसला तर बदली बाई. "बदली नाही ते काम नाही," असं कंपनीत नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. बदली नव्हता तो फक्त ह्यांना.

यंदा लेकीला परदेशात नोकरी लागली. एकुलती एक पोर, निदान तीन वर्षं येणार नव्हती. तिकीट आलं आणि तारीख बघून मी कपाळाला हात लावला. मेळ्याचाच दिवस, आणि विमान संध्याकाळचं.

हे कॅलेंडरसमोर उभे राहिले, मग खुर्चीत बसले, मग पुन्हा उभे राहिले.

"तारीख बदलता येणार नाही का?" त्यांनी विचारलं.

"कुठली? मेळ्याची?" मी म्हटलं.

"तसं कसं... बागेची परवानगी काढलीय, जाहिराती लागल्यात..."

"मग विमानाला सांगू का थांब म्हणून?"

लेक मध्ये पडली. "असू दे ना आई. बाबा, तुम्ही खरंच नका येऊ. मी समजू शकते." शांतपणे म्हणाली आणि बॅग भरायला निघून गेली. भांडली असती तर परवडलं असतं. तिचं ते समजून घेणं माझ्या छातीत जाऊन बसलं, आणि मी सगळा राग ह्यांच्यावर काढला. म्हटलं, "माइकला बदली मिळतो, बाईला बदली मिळते, तुम्हालाच तेवढा मिळत नाही? असे कोण लागून गेलात? पोरीला बाप काय पुन्हा पुन्हा निरोप देणार आहे?"

पालथ्या घड्यावर पाणी, असं म्हणून मी विषय सोडला. पण चार दिवसांनी हे घरी आले ते मास्तरांना घेऊनच.

मास्तर म्हणजे पूर्वीचे कवायतीचे मास्तर. शाळा सोडल्यावर ह्यांच्याकडे गर्दी सांभाळायचं काम करतात. उभं राहा म्हटलं की उभे राहतील, आणि बस म्हणायला विसरलात तर दुसऱ्या दिवशीही तिथेच सापडतील. सांगितलेल्या शब्दाच्या पलीकडे एक पाऊल नाही.

"माझ्या जागी मास्तर," हे म्हणाले. "दुपारी सगळं लावून देतो आणि विमानतळावर येतो."

मला खरंच वाटेना. लेक तर नुसती हसली. ह्यांनी मग मास्तरांना टेबलाशी बसवून सगळी वाट्याचमच्यांची बाग समजावून दिली. मी आपणहून चहा केला, दोनदा. वाटलं, देवच पावला!

मेळ्याच्या दिवशी हे पहाटेच गेले. दुपारी मी आणि लेक टॅक्सीने विमानतळावर पोचलो, तर तिथे वेगळाच गोंधळ. तिचं विमान जुन्या इमारतीतून सुटायचं होतं, ते ऐनवेळी नव्या इमारतीत हलवलेलं. दोन्हींच्या मध्ये एवढा मोठा रस्ता, आणि ये-जा करायची तर त्यांच्याच बसने. आम्ही बॅगा ओढत नव्या इमारतीत गेलो आणि मी लगेच ह्यांना मेसेज टाकला. नव्या इमारतीत या, जुन्या इमारतीकडे जाऊ नका.

उत्तर आलं, "नोंद घेतली."

हे ह्यांचं नेहमीचं. साबण आणा म्हटलं तरी नोंद घेतली. मी निर्धास्त झाले.

लेकीने बॅगा दिल्या, आम्ही चहा घेतला, पुन्हा एकदा पासपोर्ट बघितला. ती सारखी दाराकडे बघायची आणि मी बघतेय असं दिसलं की फोनमध्ये डोकं घालायची. शेवटी मी फोन लावला.

"बोला वहिनी!" मागे ढोल, मुलांचा आरडाओरडा, आणि आवाज मास्तरांचा.

"मास्तर? हे कुठेत?"

"साहेब तर कधीच निघाले. इकडे सगळं झकास चाललंय, काळजी करू नका."

"आणि फोन?"

"फोन माझ्याकडे. पोलीस, लाइटवाले, पाण्याचे टँकर, सगळे साहेबांच्याच नंबरवर फोन करतात ना. साहेब म्हणाले, फोनशिवाय बदली म्हणजे नुसतं बुजगावणं."

"अहो, मग माझ्या मेसेजला उत्तर कुणी दिलं?"

"मीच. घरून काही आलं तर नोंद घेतली लिहा, असं सांगितलं होतं."

मी काय बोलले ते लिहीत नाही. मास्तर बिचारे "हो वहिनी, चुकलं वहिनी" करत राहिले. मग मी काउंटरवर धावले. म्हटलं, जुन्या इमारतीत माझ्या नवऱ्याच्या नावाने पुकारा करा. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, तिकडचा पुकारा आमच्याकडे नाही. एवढं मोठं शहर, एवढा मोठा विमानतळ, माणसाला माणसाची हाक पोचवायची सोय नाही. आग लागो त्या सोयींना!

"आई, मला आत जायला हवं आता," लेक म्हणाली.

"अगं, ते आलेत. पलीकडे बसलेत, खरंच. फोन नाही त्यांच्याकडे."

"हो आई." तिने मला मिठी मारली. "त्यांना सांग, काळजी घ्या म्हणून." आणि ती गेली. वळून बघितलं ते माझ्याकडे, मग एकदा दाराकडे.

बस पकडून मी जुन्या इमारतीत गेले तेव्हा हे फाटकासमोरच्या बाकावर बसले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेला. बागेतून निघताना बदलला असणार. मला एकटीला बघून उठले आणि माझ्या मागे बघायला लागले.

"गेली?"

"गेली."

वेळेच्या खूप आधी पोचले होते म्हणे. आम्हालाच उशीर झाला असं समजून बसून राहिले. बऱ्याच वेळाने शंका आली तेव्हा शेजारच्या माणसाचा फोन मागून घेतला, पण माझा नंबर पाठ नाही, लेकीचा नाही. पाठ फक्त स्वतःचा. तोच लावला.

"मग मास्तरांनी उचलला नाही?"

"नाही उचलणार. कार्यक्रम चालू असताना अनोळखी नंबर घ्यायचा नाही. फुकट पास मागणारे असतात." पुन्हा बाकावर बसत म्हणाले, "मीच सांगितलं होतं."

इतक्या वर्षांत ह्यांच्यावर मी जेवढी चिडले नसेन तेवढी त्या बाकावर चिडले होते, आणि भांडायला तोंड नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी जन्मभर डोकं फोडलं, ती ह्या माणसाने केली होती. आला होता ना! सगळं सोडून आला होता.

मेळा मात्र असा रंगला की विचारू नका. दुसऱ्या दिवशी सकाळपासून कौतुकाचे फोन. एकही पोर हरवलं नाही, एकालाही चक्कर आली नाही, स्टेज फिरवल्याबद्दल तर जो तो बोलत होता. कंपनीचे मालक म्हणाले, असा मेळा आजवर झाला नव्हता. हे प्रत्येकाला "धन्यवाद" म्हणत होते आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघत बसत होते.

दुपारी लेकीचा फोन आला. पोचली, खोली मिळाली, थंडी आहे, सगळं सांगून झालं. मी म्हटलं, "अगं, ऐक. बाबा काल आले होते. जुन्या इमारतीत बसून होते, तुझी वाट बघत."

ती हसली. प्रेमानेच हसली. "आई, पुरे ना आता. शाळेच्या नाटकाला पण तू हेच सांगायचीस. बाबा आले होते, मागे उभे होते, तुला स्टेजवरून दिसले नाहीत."

"अगं, तुझी शपथ! या वेळी खरंच..."

"हो गं. मी रागावले नाहीये. दे बाबांना."

मी फोन ह्यांच्या हातात दिला आणि खुणेने म्हटलं, सांगा. सांगा तिला.

"बाबा, मेळा मस्त झाला ना? मी फोटो पाहिले. ते फिरवलेलं स्टेज काय छान दिसत होतं!"

हे माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा खुणावलं, अगदी हात जोडले.

"हो," हे म्हणाले. "छान झाला मेळा. तू जेवलीस का?"