नकाशात तलाव नव्हता

सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात विकास आराखड्याचा नकाशा पहिल्यांदा लागला, तेव्हा बाबा आणि मी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आमचा तलाव शोधत होतो. देऊळ होतं, शाळा होती. तलावाच्या जागी शेती! उन्हाळ्यात पाणी आटलं की आमच्याकडे तलावाच्या ओल्या गाळात लोक काकड्या, टरबुजं लावतात. नकाशावाल्यांनी वरून फोटो काढला तो नेमका तेव्हा. पावसाळ्यात यायला काय झालं होतं त्यांना?

गावात मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं घर आमचं एकच उरलेलं. बाबा धुतलेला सदरा घालून सुनावणीला गेले. "साहेब, आमचं पोट त्या तलावावरच आहे." साहेब भला होता, नकाशात तलाव दाखवतो म्हणाला. बाबा हसत घरी आले. "पाह्य, बोलल्यानं होते," मला म्हणाले.

मग सरकार बदललं. जुना आराखडा रद्द, नवा सुरू, ये रे माझ्या मागल्या. या खेपेला तर तलावातून मोठा रस्ताच काढला. बाबा पुन्हा गेले. नवा साहेब म्हणाला, आधीचं माझ्याकडे काही आलेलं नाही. असा संताप आला मला, पण करणार काय?

त्या पावसाळ्यात बाबांनी तलावात मासळीचं बीज सोडलं नाही.

"रस्ता तं अजून आला नाही, बाबा. काहून सोडत नाही?"

"कोनासाठी सोडू बाई? वाढवाचं आन् मंग मुरमाखाली गाडाचं?"

मी खूप भांडले. ते ऐकून घेत राहिले आणि तुमसरच्या राईस मिलवर चौकीदारीला लागले. मासे आता आम्ही बाजारातून आणतो, बर्फातले. बाबा त्यांना हात लावत नाहीत.

रस्ता काही आला नाही. यंदा पुन्हा नवा नकाशा लागला, त्यात रस्ता दुसऱ्याच शिवारातून गेलेला आणि आमचा तलाव चांगला निळा. मी धावत घरी सांगायला गेले. "बरं झालं," बाबा म्हणाले आणि मिलचा शर्ट घालून पाळीला निघून गेले.

तलाव नकाशात तसाच राहावा म्हणून सुनावणीला मग मी एकटीच गेले. या वेळच्या मॅडमनी आपुलकीनं खुर्ची दिली. म्हणाल्या, ज्या तलावावर कोणाचं पोट आहे तो तसाच ठेवू, बाकीच्या तलावांवर बगिचा, बोटिंग करायचं आहे. तुमच्या तलावात मासेमारी कोण करतं?

खोटं बोलायचं मनात आलं होतं. पण दोन माणसं गावचीच बसली होती, माझ्याकडे बघत.

"कोणीच नाही," मी म्हटलं.