उकळलेल्या पाण्याची वाटी

सुई हातात घेण्याआधी मॅडम कोपरानं स्पिरिटची बाटली खिडकीत सरकवायच्या. "हिला आधी लांब करा," असं म्हणत मागे न बघताच हाक मारायच्या, "वाटी!" उकळून गार केलेल्या पाण्याची वाटी आणि कापसाचे बोळे घेऊन देवराव मागे उभेच असायचे.

पांढरकवड्याच्या सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टर, देवराव तिथले वॉर्डबॉय आणि मी कोर्टातला वकील. हायवे गावाला लागूनच, त्यामुळे पिऊन गाडी चालवणाऱ्यांना पोलीस रक्त काढायला त्यांच्याकडेच आणत. तुम्हाआम्हाला सुई टोचताना स्पिरिट लावतात, पण या तपासणीत ते चालत नाही. मोजायची दारू, आणि स्पिरिट तिचंच भावंड. ते कातडीला लागलं की रिपोर्टवर शंका घ्यायला आम्ही वकील टपलेलेच.

एकदा एक ट्रकवाला खुर्चीत डुलत म्हणाला, "मॅडम, आतून त लावलीच हाये, बाहेरून लावाले काहून कंजुशी करून राह्यल्या?"

"मला आतलीच मोजायची आहे," मॅडम म्हणाल्या. "देवराव, वाटी!"

दारूच्या प्रत्येक खटल्यात मी उलटतपासणीत त्यांना तेच विचारायचो, कातडी कशानं पुसली? "उकळलेल्या पाण्यानं. वकीलसाहेब, नवीन काही विचारा ना!" सगळं कोर्ट हसायचं. त्यांच्या साक्षीपुढे माझे अशील हमखास हरायचे. खरं सांगतो, मला राग कमी आणि कौतुकच जास्त वाटायचं.

मग देवराव गेले. ड्यूटीवर सायकलनं येताना एका कारनं त्यांना उडवलं. मॅडमनी जिवाचं रान केलं, पण ते वाचले नाहीत. पोलिसांनी कारवाल्याला शेजारच्याच खोलीत आणून बसवलं होतं. दुसरे डॉक्टर त्या दिवशी नव्हते. मॅडमनी हात धुतले आणि त्याचं रक्त काढलं.

हा कारवाला माझा अशील. तो प्यालेला होता की नाही हे ठरणार होतं ते रक्ताच्या रिपोर्टवरूनच. साक्षीच्या दिवशी देवरावांची बायको पहिल्या बाकावर बसली होती. मी सवयीनं विचारलं, "कातडी कशानं पुसली?" उत्तर मला पाठ होतं. रक्त काढल्याच्या सर्टिफिकेटवरही तेच छापलेलं असतं, आणि खाली मॅडमची सही होती.

मॅडमनी पहिल्या बाकाकडे पाहिलं. "स्पिरिटनं," त्या म्हणाल्या.

सरकारी वकिलांनी दचकून वर पाहिलं. न्यायाधीशांनी विचारलं, "नक्की आठवतं?"

"हो. वाटीसाठी हाक मारली, वाटी आली नाही. वाटी देणारा माणूस पलीकडच्या खोलीत टेबलावर होता. माझा हात बाटलीकडे गेला. सही सवयीनं झाली, ती चूक माझी."

खोटं बोलल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? त्या एका शब्दानं त्यांच्या माणसाला मारणारा दारूच्या आरोपातून सुटणार होता आणि त्यांची स्वतःची नोकरी अडचणीत येणार होती. दोन्ही त्यांना माहीत होतं. मी पुढचा प्रश्न विचारलाच नाही. देवाच्या शपथा मी कोर्टात पुष्कळ ऐकल्या आहेत, पण देव तिथंच कुठंतरी उभा आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

दारूचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झाली, तीही थोडकीच.

साक्ष संपल्यावर मॅडम व्हरांड्यात देवरावांच्या बायकोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात जोडले. ती म्हणाली, "मॅडम, तुमी खोटं बोलल्या असत्या त मले बरं वाटलं असतं. पन हे घरी सांगत, आमच्या मॅडम खोटं बोलत नाई. ते त खरं निंघालं."

मॅडमकडून वरच्यांनी खुलासा मागवला आणि पुढे त्यांची बदली झाली. निघायच्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा त्या एकट्याच पाणी उकळत होत्या. गार झाल्यावर त्यांनी वाटी भरली, झाकली आणि देवराव उभे राहायचे त्या बाजूला टेबलाच्या कडेवर ठेवली. मग कोपरानं स्पिरिटची बाटली खिडकीत सरकवली. समोरच्या खुर्चीत कुणीच नव्हतं.