दोन पोर्शन आणि बारा कलमं

अम्माने तीस वर्षं खासगी शाळेत गणित शिकवलं. पेन्शन नव्हतं. निवृत्तीला एक शाल आणि ग्रॅच्युइटी मिळाली. शाल तिने मावशीला दिली आणि ग्रॅच्युइटीतून राजवाड्यामागच्या आमच्या घरावर दोन पोर्शन चढवले. पोर्शन म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि बाहेरून जिना.

"मुलगी लेखक आहे," ती गवंड्याला म्हणाली. "म्हातारपणी मला विटाच पोसतील."

माझा या विटांना विरोध होता. अप्पांचा छापखाना होता आणि तंजावुरातल्या निम्म्या संपांची आणि भाडेकरूंच्या मोर्चांची पत्रकं तिथे छापली जायची. बिघडलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बेरजा केल्या, छापील बाजूवर वाचायला शिकले. घरमालक कसे असतात हे मला पहिलीतच पाठ होतं. आणि आता घरमालक आम्हीच.

अम्मा म्हणाली, "पाटी लाव. भाड्याने देणे आहे, फक्त शाकाहारी."

"ती पाटी या घरावर लागणार नाही."

"मग कुठली लागेल?"

"मी लिहिते."

मी बारा कलमं लिहिली. इथल्या रिवाजाप्रमाणे दहा महिन्यांचा अडवान्स घ्यायचा नाही, तीनच महिन्यांचा. पाण्याच्या मोटरचं बटन भाडेकरूच्याही हाताशी असेल. आमच्या गावात ज्याच्या घरात ते बटन, तो राजा. भाडं वाढवायचं तर सहा महिने आधी सांगू. जात, जेवण, धंदा विचारणार नाही. अप्पा गेल्यावर यंत्र विकलं होतं, पण संपाच्या पत्रकांचा गुलाबी कागद शिल्लक होता. त्यावर तमिळ मजकुराची झेरॉक्स काढून फाटकापासून कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानापर्यंत चिकटवला.

दोन महिने कुणी फिरकलं नाही. एक गृहस्थ सभा कुठे आहे ते विचारून गेले. शेजारणीने बस बंद आहेत का म्हणून चौकशी केली. मग अम्माने चष्मा लावून पत्रक पहिल्यांदा नीट वाचलं.

"घर भाड्याने आहे हे नवव्या कलमात आलंय गो."

"आधी भूमिका मांडावी लागते."

"भूमिका वर राहायला येणार आहे का?"

शेवटी एक जण आला. हातात आमचंच पत्रक, भिंतीवरून अलगद सोडवलेलं. तो तविल वाजवायचा. लग्नात नादस्वराबरोबर, म्हणजे इथल्या लांब सनईबरोबर, असतो तो ढोल. बायको आणि लहान मुलगी फाटकाबाहेर उभ्या होत्या.

"टीचर, धंदा विचारणार नाही हे खरं का?" त्याने अम्माला विचारलं. "सात घरं झाली. तविल म्हटलं की दार बंद."

अम्माने धंदा विचारला नाही. तिने वेळ विचारली. "सराव कधी?"

"पहाटे साडेपाच ते नऊ."

"आणि लग्नाचा हंगाम नसला की?"

"मग जास्त, टीचर."

आत आल्यावर अम्मा म्हणाली, "कलम तुझं, कान माझे." पण तिने किल्ली दिली. शुक्रवारी त्यांनी नव्या चुलीवर दूध उतू घालवलं, आम्हीही वाटीभर प्यायलो. शनिवारी पहाटे ताटाळ्यातली ताटं थरथरली.

आता दुसरा पोर्शन कुणी घेईना. बँकेतला एक कारकून साडेआठला बघायला आला, अर्ध्या जिन्यातून माघारी गेला. पुढचे तिघे फाटकापर्यंतच आले. एका पोर्शनचं भाडं अम्माच्या औषधांत आणि विजेत संपायचं. दुसरा म्हणजे तिचं जेवण, तिचे प्रवास, माझ्यापुढे हात न पसरणं.

एका सकाळी ती म्हणाली, "मी मुलांना समीकरणं शिकवली. एका बाजूला तुझं तत्त्व, दुसऱ्या बाजूला माझ्या रिकाम्या खोल्या. सोडव."

तविलवाल्याला निदान सरावाची वेळ बदलायला सांगावी, म्हणून मी जिना चढले आणि प्रत्येक पायरीवर मला माझीच लाज वाटली. तो तविल वाजवताना बोटांवर घालायच्या कडक टोप्या काढत बसला होता.

"कारकून परत गेला ते पाहिलं मी," तोच म्हणाला. "माझ्यामुळे ना?"

मी वरच्या पायरीवर बसले.

"माझ्या जोडीचा नादस्वरवाला दोन वर्षं बायकोसकट लॉजवर राहतोय. त्यालाही कुणी घर देत नाही. कलमं त्यालाही लागू आहेत का?"

मी खाली येऊन अम्माला सांगितलं. ती कीरैची पालेभाजी चिरत होती.

"म्हणजे दोघं एकदम?"

"दोघं एकदम."

"मग निदान सुरात तरी होईल," ती म्हणाली.

नादस्वरवाला दुसऱ्या पोर्शनमध्ये आला त्याला आता वर्ष होऊन गेलं. पहिले पंधरा दिवस अम्माने कानांत कापूस घातला. नंतर भाजी चिरता चिरता ती ताल मोजायला लागली, आणि मोजणाऱ्या बाईच्या हाती चूक लागतेच. एकदा तिने अंगणातून हाक मारली, "सहाव्या आवर्तनात एक मात्रा खाल्लीस." वरून उत्तर आलं, "खाल्ली, टीचर." भाडं दोघंही वेळेवर देतात, कारण अशी घरमालकीण पुन्हा मिळायची नाही हे त्यांना कळतं आणि असे भाडेकरू टिकतात हे तिला. मी मात्र आता दुपारी लिहिते.

गेल्या आठवड्यात गवंडी गच्ची मोजून गेला.

"अम्मा, आणखी खोली कशाला?"

"त्यांचा झांजवाला अजून लॉजवरच आहे. गुलाबी कागद उरलाय ना? कलमं तीच ठेव. फक्त भाड्याचं पहिलं घाल."