काजळाच्या सात रंगांच्या डब्या

तुमच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घरातल्या, शेजारच्या विधवेला बोलावणं जातं का? खरं सांगा, इथं कुणी ऐकत नाही.

विचुंब्याची गुणाबाई घरी काजळ करून विकते. पनवेलपासून उरणपर्यंत तिची गिऱ्हाइकं. पणतीवर ताटली धरायची, जमलेली काजळी तुपात घोटायची, हे काम तिच्या धाकट्या जावेचं, कुमुदचं. कुमुदचा नवरा जासईजवळ कंटेनरखाली गेला. तेव्हापासून गावभरच्या डोळ्यांत हिच्या हातचं काजळ, आणि हिचेच डोळे मोकळे.

२००९च्या संक्रांतीला गुणाबाईनं वाण म्हणून काजळच वाटलं. सवाशिणींना लाल डबी. कुमुदला वगळायचं नाही म्हणून तिच्यासाठी मुद्दाम पांढरी आणली. मायेनंच आणली हो. कुमुदनं ती पदराखाली घेतली आणि मागच्या दारानं गेली. सकाळी डबी गुणाबाईच्या ओट्यावर, न उघडलेली. मग कामापुरती यायची; सणाला पाऊल नाही.

"मीच तिला शिक्का मारला गं ताय," मी काजळ घ्यायला गेले तेव्हा गुणाबाई मला म्हणाली.

माझं डोकं फिरलं. मी बायकांची सभाच लावायला निघाले.

"सभा नको. पनवेलला चल. डब्या करून घ्यायच्यात."

दाऊदभाईंचं प्लॅस्टिकच्या डब्यांचं दुकान. ऑर्डर ऐकून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"सात रंग? मावशी, एकच घ्या ना. खामखा ताप."

"सातच पायजेत. पांढरा पन."

"कुठल्या रंगात काय भरणार?"

"सगल्यांत काजल."

"मग रंग कशाला?"

"कुनाची कुठली, ती वलखू येऊ नये म्हनून."

दाऊदभाईंनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग म्हणाले, "माल एकाच पोत्यात मिसळून देतो."

पुढच्या संक्रांतीला गुणाबाईनं भरलेल्या डब्या टोपलीत ओतल्या. कुमुदला बोलवायला आपण स्वतः गेली, हाताला धरून आणली. ती उंबऱ्याच्या आत येईना.

"मी कुनाला देनार नाय," गुणाबाई म्हणाली. "आपापली उचला."

कुणी हात घालेना. शेवटी शेजारची गोदू, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पुढं झाली आणि तिनं पांढरी उचलली.

"आमच्या फ्रीजला मॅच हाय."

"फ्रीजला काजल घालतेस काय गो?" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळ्या हसल्या.

त्या हसण्यात कुमुद आत आली. वाकून टोपलीत हात फिरवत राहिली. पोपटी काढली. तिथंच उघडली, करंगळीनं डोळ्यांत काजळ घातलं, आणि जरा विचार करून म्हणाली, "तूप जास्त झालंय."

"घोटलंस तूच," गुणाबाई म्हणाली.

यंदा वाण आणाल, ते रंग मिसळून आणा. आणि तुमच्याकडच्या कुमुदला बोलवायला निरोप धाडू नका, स्वतः जा.